छावणीच्या भिंतीआड चाललंय तरी काय!

ऐकलंत का? कानावर आलं तेव्हा आमचा तर विश्वासच बसेना. अमेरिकेच्या लष्करासाठी बराकी, इस्पितळं, कचेऱ्या बांधणारी ती घरंदाज संस्था, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, तिच्या दिवाणखान्यात म्हणे आता कंत्राटदार राजरोस येऊन बसतो. आणि कधी? नकाशे पुरे व्हायच्या आधी! सरकारी इंजिनिअर, आर्किटेक्ट, कंत्राटदार, एसीवाला, फायरवाला, प्लंबिंगवाला, सगळे एका टेबलाभोवती. समोर भलामोठा पडदा आणि पडद्यावर इमारत अशी उघडीवाघडी की भिंतीतली वायर न् वायर दिसावी. लाज म्हणून कुणाला नाही. उलट कॉफीचे घोट घेत बोटं दाखवणं चाललंय, 'तुमचा डक्ट आमच्या बीममध्ये शिरलाय बघा.' चारचौघांत!

या थेराला बिम म्हणतात. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. पूर्वी नकाशात दार म्हणजे एक रेघ आणि एक पाव वर्तुळ, बस्स. आता दार म्हणजे दार. ते कोणत्या कंपनीचं, आगीत किती वेळ तग धरेल, बिजागऱ्या किती, वॉरंटी कधी संपते, सगळी कुंडली त्या दाराच्या पोटात. भिंत सरकवली की दार आपसूक सरकतं, दारांची यादी आपसूक बदलते. खरी इमारत उभी राहायच्या आधी तिची सगळी गुपितं काँप्युटरात हजर.

बरं, तीन मितींवर समाधान मानतील तर शपथ. वेळापत्रक जोडलं की चौथी मिती, खर्च जोडला की पाचवी. सहावी कोणती आणि सातवी कोणती यावर जाणकारांचंही एकमत नाही, पण आमच्याकडे सात आहेत असं सांगणारे सल्लागार पुष्कळ. आपल्या नागपूर मेट्रोने पाच मितींचा केवढा गाजावाजा केला होता, आठवतं ना? आमच्या नागपूरच्या नातलगांना उन्हात स्टेशनपर्यंत चालत जायची एकच मिती तेवढी जाणवली, पण ते असो.

मितींचं आम्हाला इतकं वाटत नाही हो. खरी लाजिरवाणी गोष्ट आहे ती पंगतीची. कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलंय! आमच्या वेळी रीत होती. सरकारने आर्किटेक्टकडून नकाशे करून घ्यायचे. नकाशे संपूर्ण झाले, त्यावर शिक्के बसले, की टेंडर काढायचं. पाकिटं बंद. ज्याचा आकडा सगळ्यांत खाली त्याच्या गळ्यात माळ. तोवर सरकारने कंत्राटदाराचं तोंड बघायचं नाही. आपल्याकडे तर अजूनही टेंडरआधी सरकारी इंजिनिअर एखाद्या कंत्राटदारासोबत चहा पिताना दिसला तर दुसऱ्या दिवशी दक्षता विभागाला निनावी पत्र गेलंच म्हणून समजा. आणि काम सुरू झालं की? मग रीतसर भांडण. नकाशात हे नव्हतं, याचे जादा पैसे. इथे खडक लागला, त्याचे जादा पैसे. पत्राला उत्तर, उत्तराला खुलासा, खुलाशाला वकील. या भांडणावर दोन्हीकडची केवढी घरं पोसली गेली! कंत्राटदार खालचा आकडा भरायचा तोच मुळी पुढच्या क्लेमच्या भरवशावर. हा कुळाचार होता, आणि तो मोडायला निघालीय ही मंडळी.

हा कुळाचार पडला कसा, ती गोष्टही अगदी लष्करी आहे. ब्रुकलिनच्या नौदल गोदीतली. 1905 साली जॉर्ज स्पिअरिन नावाच्या कंत्राटदाराने तिथे एक ड्राय डॉक बांधायचं काम घेतलं, 7 लाख 57 हजार 800 डॉलरला. डॉकच्या जागेतून एक सहा फुटी विटांचं गटार जात होतं, ते आधी वळवायचं होतं. कुठून वळवायचं, केवढं करायचं, कशाचं करायचं, सगळं नौदलाने नकाशात आखून दिलेलं. स्पिअरिनने बरहुकूम केलं. नौदलाने पाहून पसंत केलं. वर्षभराने एके दिवशी धो धो पाऊस आला आणि नेमकी तेव्हाच समुद्राला भरती. गटारात पाणी तुंबलं, गटार जागोजाग फुटलं, डॉकसाठी केलेल्या खोदकामात पाणीच पाणी. चौकशी केली तर शेजारच्या सात फुटी गटारात पाच-साडेपाच फूट उंचीचा बांध! तो शहराच्या नकाशात नव्हता, नौदलाच्या नकाशात नव्हता, आणि कुणाच्या गावीही नव्हता.

स्पिअरिन म्हणाला, जबाबदारी तुम्ही घ्या, मगच पुढचं काम. नौदल म्हणालं, गटार दुरुस्त करणं तुझं काम. शेवटी नौदलाने कंत्राटच रद्द केलं. हा गेला कोर्टात. 1918 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या लेखणीतून, स्पिअरिनच्या बाजूने निकाल दिला आणि त्याला सुमारे 1 लाख 41 हजार डॉलर मिळाले. निकालाचं सार एवढंच की नकाशे मालकाने दिले असतील तर ते बरोबर असल्याची हमीही मालकाचीच. स्पिअरिनचं नाव आजही अमेरिकेतल्या बांधकाम वकिलांच्या तोंडी असतं. तेव्हापासून कंत्राटदार नकाशा उघडतो तो बांधायला थोडा आणि चूक हुडकायला जास्त. आणि मालकाची माणसं? करारनाम्यात कलमावर कलम चढवून ती हमी कशी टाळता येईल ते बघतात. अमेरिकाभर चाललेल्या एवढ्या मोठ्या तंट्याच्या मुळाशी काय, तर कागदावर न दाखवलेला गटारातला एक बांध.

आता कळलं ना, बिमवाल्यांना एवढं स्फुरण का चढतं ते? त्यांचं म्हणणं, सगळे बांध आधीच दाखवा आणि सगळ्यांना दाखवा. म्हणजे आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून ही आपली थोर परंपरा मोडीतच निघाली म्हणायची!

घसरण एका दिवसात झाली असं मात्र नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कोअरच्या अलाबामातल्या मोबाइल जिल्ह्यात, ऑलिव्हर लॉक अँड डॅमच्या कामावर, पहिलं पाऊल वाकडं पडलं. 'पार्टनरिंग' म्हणतात त्याला. काम सुरू होताना सरकारी अधिकारी आणि कंत्राटदाराची माणसं कचेरीपासून लांब कुठेतरी एकत्र राहणार, मधे एक तिऱ्हाईत समजूतदार माणूस बसणार, आणि शेवटी सगळे मिळून एका कागदावर सह्या करणार, की आम्ही एकमेकांशी नीट बोलू, तंटा खालच्या पायरीवरच मिटवू, वगैरे. या कागदाला कायद्याचं बळ काहीही नाही. करारनामा तिकडे कपाटात जसाच्या तसा, दातओठ खाऊन बसलेला. तरी लोकांनी सह्या केल्या, कागद चौकटीत घालून साइट ऑफिसच्या भिंतीवर लावले. आणि म्हणे क्लेम कमी झाले! आम्हाला तर वाटतं, दोन माणसांनी एकत्र जेवण घेतलं की एकमेकांना नोटीस पाठवायला जरा जड जातं, त्यापलीकडे त्यात काही जादू नसावी. पण जेवणाला सल्ला म्हणून बिल लावता येत नाही, म्हणून पार्टनरिंग.

मग 2005 उजाडलं. अमेरिकेने कुठले तळ बंद करायचे आणि कुठले वाढवायचे याचा मोठा फेरविचार केला, आणि हलवाहलव पुरी करायला मुदत घातली 15 सप्टेंबर 2011 ची. एवढ्या बराकी, एवढ्या कचेऱ्या, एवढी इस्पितळं सहा वर्षांत उभी करायची! जुन्या रीतीने दोन्ही पक्ष रीतसर भांडत बसले असते तर सैनिकांना तंबूच ठोकावे लागले असते. ऑक्टोबर 2006 मध्ये कोअरच्या संशोधन संस्थेने एक रोडमॅप छापला. त्यात बिमच्या वाटेवरचे मैलाचे दगड रोवलेले: 2008, 2010, 2012 आणि शेवटचा 2020. एकाच छापाच्या इमारती वारंवार बांधायच्या असतात म्हणून ठरावीक जिल्हा कचेऱ्यांकडे ठरावीक प्रकार सोपवले, कुणाकडे बराकी, कुणाकडे मुख्यालयं. सैन्याची बराक म्हणजे सगळीकडे साधारण तीच, मग तिचं मॉडेल एकदाच नीट करून ठेवलं की झालं. ही कल्पना मात्र झकास, त्यात नाक मुरडायला आम्हालाही जागा सापडत नाही.

नाक मुरडायला जागा सापडली ती सॉफ्टवेअरवरून. कोअर होती बेंटलीच्या घरची, आणि बाहेरचे बरेचसे आर्किटेक्ट ऑटोडेस्कच्या रेव्हिटवर जीव टाकून बसलेले. सगळ्यांनी मिळूनमिसळून काम करायचं अशी सोयरीक जमवली, आणि पहिलाच खटका उडाला तो फाइल कुणाच्या पद्धतीची यावर! पुढे कोअरला दोन्ही पद्धती पदरात घ्याव्या लागल्या. माणसांनी बोलायचं ठरवलं तरी त्यांची काँप्युटरं एकमेकांशी बोलायला तयार होतीलच असं नाही.

आणि न बोलण्याची किंमत केवढी? 2004 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एक अहवाल छापला होता. एका सॉफ्टवेअरची माहिती दुसऱ्यात नीट जात नाही, म्हणून तीच ती माहिती पुन्हा टाइप करा, हुडका, चुका निस्तरा, या भानगडीत त्या देशाच्या मोठ्या इमारतींच्या धंद्याचे वर्षाला 15.8 अब्ज डॉलर पाण्यात जातात, असा हिशेब त्यात होता. तो आकडा म्हणजे या पंथाचा तारक मंत्र. त्यानंतर कुठलंही बिमचं भाषण ऐका, तिसऱ्या-चौथ्या स्लाइडला 15.8 अब्ज येणारच. त्याच्या पुढच्या स्लाइडला मॅकलिमी नावाच्या आर्किटेक्टने काढलेली वक्ररेषा, कष्ट आधी उपसा म्हणजे नंतर रडावं लागणार नाही असं सांगणारी. रेषेला आमची हरकत नाही, आमची आजी तेच सांगायची. पण अहवालातली एक ओळ भाषणात फारशी येत नाही. त्या 15.8 अब्जांतला दोन तृतीयांश भार इमारतीच्या मालकावर आणि ती चालवणाऱ्यांवर पडत होता. आर्किटेक्टवर नाही, कंत्राटदारावर नाही. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

त्याआधी तो डक्ट-बीमचा तमाशा जरा जवळून बघू. याला 'क्लॅश डिटेक्शन' म्हणतात. प्रत्येकाने आपापलं मॉडेल आणायचं. स्ट्रक्चरवाल्याचं राखाडी, एसीवाल्याचं निळं, फायरवाल्याचं लाल, सांडपाण्याचं हिरवं, असे काहीसे रंग. सगळी एकावर एक ठेवली की काँप्युटर कुठे कोण कुणात घुसलंय त्याची यादीच काढून देतो. पहिल्या यादीत हजारो क्लॅश. त्यातले निम्मे नुसता फापटपसारा: एकच पाइप एकाच भिंतीतून जातो आणि यंत्र त्याची चाळीस वेळा बोंब मारतं. उरलेल्यांत मात्र खरा मसाला असतो. जिन्यावर डोकं आपटेल इतक्या खाली आलेली केबल ट्रे. सांडपाण्याच्या पाइपला उतार हवा, आणि तो उतार नेमका बीमच्या मध्यावर येऊन टेकलेला. डक्टला वळवावं तर स्प्रिंकलर आडवा, स्प्रिंकलर हलवावा तर दिवा आडवा. कुणी कुणाला वाट द्यायची? तिथे अलिखित मानपान असतो. ज्याला उतार लागतो तो सांडपाण्याचा पाइप सगळ्यांत मानाचा, तो हलत नाही. मग मोठे डक्ट. बिचाऱ्या इलेक्ट्रिकच्या नळ्या कशाही वाकतात, म्हणून त्यांनाच वाकवतात.

आणि या भानगडी निस्तरणारी पोरं कुठे बसलेली असतात म्हणता? त्यातली कितीतरी आपल्या पुण्यात. बाणेर-हिंजवडीकडच्या ऑफिसांत दुपारी चढणारी शिफ्ट असते, तिकडच्या सकाळशी गाठ पडावी म्हणून. टेक्सासच्या शाळेचा डक्ट, लंडनच्या ऑफिसचं स्टील, सगळं इथे बसून नीट होतं. टेक्सासमधल्या त्या शाळेच्या प्रत्येक नळाची उंची पोराला पाठ, आणि घरी नळ गळतो तर आईने प्लंबरला फोन करायचा. अमेरिकन छावणीची मॉडेलं मात्र या पोरांच्या वाट्याला येत नाहीत, ती का ते पुढे सांगतो. त्यात तर खरी मजा आहे.

पण पैशाच्या गोष्टीकडे आधी वळू, कारण चारचौघांत अंग उघडं टाकण्याहूनही भयंकर प्रकार त्यात घडलाय. कंत्राटदाराने वही उघडी केली! हो, हिशेबाची वही! व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉरला उपग्रहांतून जगभर डोकावणाऱ्या खात्याचं, एनजीएचं, नवं मुख्यालय उभं राहिलं. सुमारे 1.7 अब्ज डॉलरचा प्रकल्प, आणि 2011 च्या त्या मुदतीतच पुरा करायचा. तिथे कोअरने नवी पद्धत वापरली: डिझाइन अर्धवट असतानाच कंत्राटदाराला आत घ्यायचं आणि डिझायनरच्या शेजारी बसवायचं. कोअरमधे या चालीला 'अर्ली कॉन्ट्रॅक्टर इन्व्हॉल्व्हमेंट' म्हणतात. किंमत एकदम पक्की करायची नाही. आधी एक लक्ष्य ठरवायचं, वर एक कमाल मर्यादा बांधायची, आणि डिझाइन जसं पक्कं होईल तसं लक्ष्य पुन्हा मांडायचं. खर्च लक्ष्याच्या खाली राहिला तर बचत दोघांनी वाटून घ्यायची, वर गेला तर झळही दोघांनी सोसायची, आणि कमाल मर्यादा ओलांडली तर कंत्राटदाराच्या खिशातून. यासाठी कंत्राटदाराला खरा खर्च दाखवावा लागतो. खरा! आजवर ज्याने बायकोलाही खरं मार्जिन सांगितलं नाही, त्याने ते सरकारी ऑडिटरपुढे उलगडायचं!

आम्ही अब्रू गेली अब्रू गेली म्हणून ओरडतोय खरे, पण या घराण्याच्या जुन्या ट्रंका उघडल्या तर तिथेही भलतंच काही सापडतं. पेंटॅगॉन घ्या. 11 सप्टेंबर 1941 ला काम सुरू झालं, जानेवारी 1943 मध्ये पुरं. जेमतेम सोळा महिने! (सुरुवातीला हे काम लष्कराच्या क्वार्टरमास्टर खात्याचं होतं, डिसेंबर 1941 मध्ये कोअरच्या पदरात पडलं. त्यावर देखरेख करणारे लेस्ली ग्रोव्ह्ज पुढे अणुबाँबच्या प्रकल्पाचे प्रमुख झाले, म्हणजे तब्येत कशी असेल बघा.) शेकडो डिझायनर जवळच्याच एका रिकाम्या विमान हँगरमध्ये टेबलं मांडून बसलेले, आणि नकाशाची शाई वाळायच्या आत तो साइटवर. कित्येकदा नकाशाच मागे आणि काँक्रीट पुढे, वरातीमागून घोडं. तिथे पाकिटं कुठली आणि सर्वांत खालचा आकडा कुठला! डिझाइन करणारा आणि बांधणारा हाकेच्या अंतरावर, एवढंच भांडवल. म्हणजे ज्याला आज 'को-लोकेशन' म्हणून वेगळी फी लागते ते यांच्या आजोबांनी हँगरमध्ये फुकट करून दाखवलेलं. युद्ध संपलं, नियम परत आले, आणि मंडळी पुन्हा सोवळ्यात गेली.

इंग्रजांकडेही हे लोण आहेच. 1994 मध्ये सर मायकेल लॅथम यांनी अहवाल लिहून सगळ्यांना भांडखोर म्हणून झापलं. त्यानंतर तिकडच्या संरक्षण खात्याने आल्डरशॉट आणि वॉटिशम इथल्या सैनिकांच्या दोन क्रीडासंकुलांवर प्रयोग केला. पोहण्याचा तलाव बांधायचा तर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पुरवठादार पहिल्या दिवसापासून डिझाइनच्या बैठकीत हजर हवा, असा. 2011 मध्ये तर सरकारने जाहीरच केलं की 2016 पासून केंद्राच्या सगळ्या प्रकल्पांना सामायिक बिम लागू. आपल्या मुलीने पळून जाऊन लग्न केलं की शेजारच्या घरातही दोन-तीन ठरतात, त्यातलाच प्रकार.

आता कोण किती पाण्यात आहे ते बघा. एवढा सोहळा, एवढी मॉडेलं, आणि करारनाम्यात काय लिहिलेलं असतं? पुष्कळ ठिकाणी आजही कायद्याने बांधणारा दस्तऐवज म्हणजे तोच जुना सपाट नकाशा. मॉडेल 'केवळ माहितीसाठी'. दोघांत फरक निघाला तर नकाशा खरा. म्हणजे सगळ्या गावाने लग्न पाहिलं, जेवणावळी उठल्या, आणि रजिस्टरवर सही कुणाचीच नाही! का नाही? कारण मॉडेलमध्ये चूक निघाली तर ती कुणाची, हे ठरवायला कुणी तयार नाही. आर्किटेक्टने ठेवलेलं बीम, एसीवाल्याने ढकललेला डक्ट, कंत्राटदाराच्या माणसाने फिरवलेला पाइप, पाच जणांचे हात लागलेले. मालक, डिझायनर आणि बांधणारा यांनी मिळून एकाच करारावर सही करायची आणि एकमेकांवर दावे लावायचे नाहीत अशी सोय खासगी कामांत आहे. सरकारी खरेदीच्या नियमांत मात्र तो त्रिपक्षीय करार काही केल्या बसत नाही. 1918 च्या निकालाचं भूत टेबलाखाली बसलेलंच आहे, फक्त वर टेबलक्लॉथ नवा.

आणि आता ती मजा. सगळ्यांनी सगळ्यांना सगळं दाखवायचं, हा बिमचा धर्म. कुणालाच काही दाखवायचं नाही, हा छावणीचा धर्म. या दोघांची गाठ बांधली कुणी? 2007 मध्ये बगदादमध्ये बांधकाम चालू असलेल्या अमेरिकन दूतावासाचे आराखडे चक्क एका डिझाइन कंपनीच्या वेबसाइटवर झळकत होते. आमचं काम बघा म्हणून कौतुकाने टाकलेले! ओरड झाल्यावर उतरवले. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने सांगितलं की तिथल्या गुप्तचर संस्थेच्या नव्या मुख्यालयाचे आराखडे हॅकरांनी पळवले आणि संशय चीनवर. केबल कुठून जाते, सर्व्हर कुठे, सगळं. सपाट नकाशांची ही कथा, मग ज्या मॉडेलमध्ये प्रत्येक कुलपाचा नंबर आहे त्याचं काय होईल? म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2017 अखेरपासून अशी संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या कंत्राटदारांवर सायबर सुरक्षेचे शंभरावर नियम लादले. त्यांच्या हाताखालच्या छोट्यांवरही. कल्पना करा, गावातला पिढीजात प्लंबिंगवाला, त्याच्या घरी एक काँप्युटर, तोही पोरगा गेम खेळतो तो, आणि त्याला विचारणा, तुमच्या नेटवर्कवर कोण कधी आलं-गेलं याची नोंद ठेवता का? सहकार्याच्या या मांडवात यायचं तर दारात एवढी झडती. पुण्यातल्या आमच्या पोरांचं पान या पंगतीत का वाढत नाहीत, ते आलं ना लक्षात?

ती दोन तृतीयांशांची ओळ लक्षात आहे ना? आता तिच्याकडे या. इमारत बांधायला दोन-तीन वर्षं, आणि ती चालवायची पन्नास वर्षं. एवढ्या पन्नास वर्षांचा जो धनी, तो तळावरचा मेंटेनन्सवाला. हातात पाना, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याला आजवर काय मिळायचं? काम संपलं की कागदांची खोकी. नकाशे, मॅन्युअलं, वॉरंट्या, सगळं खोक्यांत भरून बेसमेंटला. मग पंपाचा मॉडेल नंबर हवा तर पंपापाशी जाऊन, मान वाकडी करून, टॉर्च मारून पाटी वाचायची. एका अख्ख्या मोठ्या प्रकल्पाचं ज्ञान शेवटी त्या धुळकट पाटीवर.

या माणसाची आठवण कोअरच्याच संशोधन संस्थेतल्या बिल ईस्ट या अभियंत्याला झाली, आणि त्यातून 2007 च्या सुमारास कोबी आली. (भाजीतली नव्हे हो.) इमारत ताब्यात देताना कंत्राटदाराने कोणती माहिती कशा साच्यात द्यायची, ते ठरवणारी ही पद्धत. आणि तिचं रूप काय असावं? सांगू? एक्सेल शीट! सात मिती, होलोग्राम, चष्मे, हजारो क्लॅश, आणि या सगळ्या थाटामाटातून शेवटी मेंटेनन्सवाल्याच्या हातात पडतं ते रकान्यांचं एक शीट. एक पान मजल्यांचं, एक खोल्यांचं, एक यंत्रांच्या प्रकारांचं, एक प्रत्येक सुट्या यंत्राचं, एक सुट्या भागांचं, एक कामांचं, कोणत्या यंत्राची तपासणी कधी ते सांगणारं. रकान्यांना रंग: पिवळा म्हणजे भरलाच पाहिजे, नारिंगी म्हणजे दुसऱ्या पानाशी जोडलेला, जांभळा बाहेरच्या सिस्टिममधून येणारा, हिरवा सांगितलं असेल तर. पुढे इंग्रज सरकारनेही आपल्या 2016 च्या आज्ञेत हीच शीटं मागितली. संमेलनांत मात्र कोबीचं सत्र म्हटलं की लोक हळूच बाहेर चहाला सटकतात. पडद्यावर फिरणाऱ्या इमारतीला टाळ्या पडतात, पंप क्रमांक 3 च्या अनुक्रमांकाला कोण टाळ्या देणार! आम्ही बाकी सगळ्यावर नाक मुरडलं, पण या बाळबोध शीटवर आमचा मात्र जीव जडलाय. तेवढं एक घरात चालायला हरकत नाही. अर्थात ते कंत्राटदाराने वेळच्या वेळी भरलं तर. नाहीतर ताबा द्यायच्या आदल्या आठवड्यात कुणातरी शिकाऊ पोराला बसवून रकाने भरून घेतात, आणि मग वॉरंटीच्या तारखेत वाट्टेल ते सापडतं.

आणि ताजी खबर तर ऐका. फ्लोरिडातल्या टिंडल हवाई तळावर 10 ऑक्टोबर 2018 ला मायकेल चक्रीवादळ थेट येऊन आदळलं. तळावरची एकही इमारत धड उरली नाही. आता तो तळ नव्याने बांधताहेत, सुमारे 5 अब्ज डॉलर घालून, आणि म्हणे त्याला काँप्युटरात एक जुळं भावंड जन्माला घातलंय, 'डिजिटल ट्विन'. पाहुणे आले की त्यांना चष्मे चढवून एका खोलीत नेतात आणि तळाचा होलोग्राम दाखवतात, हँगरमधून फिरवतात, धावपट्टीवर उभं करतात. नवं वादळ आलं तर पाणी कुठवर चढेल, तेही या जुळ्यावर आधी करून बघता येतं म्हणे. बघणारे हरखून जातात, आणि खरं सांगायचं तर आम्हीही चष्मा लावला असता. पण या जुळ्याला रोज भरवावं लागतं. खऱ्या तळावर कुणी एक पार्टिशन हलवलं, एक पंप बदलला, की इकडेही तो बदलायचा, नाहीतर सहा महिन्यांत दोघांची तोंडं जुळेनाशी होतात. ते करायचं कुणी? तोच, किल्ल्यांचा जुडगावाला. आणि कुठल्या पैशातून? तिकडे बांधकामाचं बजेट काँग्रेस वेगळं मंजूर करते आणि देखभालीचं वेगळं, एका खिशातला पैसा दुसऱ्यात टाकता येत नाही. म्हणजे बाळंतपण झालं बांधकामाच्या खात्यातून, दूध-औषधपाणी करायचं देखभालीच्या खात्याने. आणि या खात्याला, आम्ही ऐकलंय ते खरं असेल तर, बारशाचं साधं बोलावणंही नव्हतं.